सांडू हिवराळे यांची काळी बटणं

पहिल्या ओळीतच सांगून टाकते. सांडू हिवराळे यांनी केलेली बटणं खोटी नाहीत, नवी आहेत. जुन्यासारखी दिसणारी नवी. खोटं आणि नवं यांतला फरक न कळण्याइतके अडाणी या गोष्टीत कुणीच नाही. तरी दोन शिकल्यासवरल्या माणसांनी गेल्या तीन महिन्यांत एका कारागिराची जी दशा केली, ती मी जवळून पाहिली. त्यात एका दिवसापुरता माझाही वाटा आहे. तोही लपवणार नाही.

सांडूभाऊ चौपन्न वर्षांचे. गाव देवगाव रंगारी. वडील कडुबा जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले आणि पोरानं मशीन शिकावं एवढा एकच हट्ट त्यांनी केला. पोरानं तो पुरवला. आयटीआयमधून टर्नर होऊन ते वाळूजच्या एका कारखान्यात लागले आणि तिथं बावीस वर्षं राहिले. कारखान्यात कडक रबराचं काम चाले. रबरात भरपूर गंधक कालवून ते तासन्‌तास दाबून तापवलं की म्हशीच्या शिंगासारखं कडक आणि काळंभोर होतं. त्याला एबोनाइट म्हणतात. आपल्या आजोबांच्या शाईच्या पेनाची नळी याचीच असायची. कारखान्यात त्याची बॅटरीची बुचं आणि विजेच्या खटक्यांचे दांडे निघत. प्लास्टिक स्वस्त झालं आणि तो विभागच बंद पडला.

तोवर सांडूभाऊ लेथवरून तपासणीवर गेले होते. प्रत्येक नग हातात घ्यायचा, उलटून पाहायचा, पास झाला की पाठीवर पंच, म्हणजे खुणेचा पोलादी ठसा, ठोकायचा. त्यांच्या पंचाला त्रिकोणात तीन ठिपके होते. घरी परतताना त्यांनी कारखान्याच्या भंगारातून एक लेथ घेतला, दोन तापत्या पाट्यांची एक छोटी प्रेस घेतली आणि तो पंच साहेबांकडून मागून घेतला. वाळूजलगतच्या रांजणगावात घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं ते पेनाच्या नळ्या कातून द्यायला लागले. शेडमध्ये पाय ठेवला की गंधकाचा वास येतो. त्यांच्या बायको रूपाबाई म्हणतात, "आमच्या घरात डास येत नाय. पावनेबी कमीच येतेत."

माझी मुलगी तनुजा फॅशन डिझाइन शिकलेली. शिक्षण संपल्यावर तिनं रीतसर नोकरी धरावी म्हणून बँकेच्या परीक्षेचे दोन फॉर्म मी स्वतः भरले होते. त्याऐवजी एके दिवशी ती लंडनहून आलेली दहा काळी बटणं घेऊन माझ्यासमोर बसली. तिकडे नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका बाईंशी तिची ओळख झाली होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं नाटक असलं की कोटाला बटणंही तशीच लागतात, आणि त्या काळी साहेबांच्या कोटाला, शिपायांच्या डगल्याला कडक रबराची बटणं असत. जुनी बटणं मिळतात, पण कुणाला चार, कुणाला सहा. एका नाटकाला चारशे लागतात. "आई, असं रबर आपल्याकडं कोण करतं?" तिनं विचारलं. मला काय ठाऊक! पेनं विकणाऱ्या एका दुकानदारानं तिला सांडूभाऊंचा पत्ता दिला. एकटी मुलगी अनोळखी ठिकाणी कशी पाठवायची, म्हणून पहिल्या दिवशी मीही गेले.

सांडूभाऊंनी एक बटण उचललं, पँटवर खसाखसा घासलं आणि नाकाशी नेलं.

"हे तर आपलंच रबर हाय की!" ते म्हणाले. "कुठून आणलं, पोरी?"

"इंग्लंडहून, काका. दीडशे वर्षांचं आहे."

"दीडशे?" त्यांनी पुन्हा वास घेतला. "आन् आमच्या साहेबाला वाटलं हे रबर बाद झालं."

तिथून सुरू झालं ते. पहिला साचा करायला त्यांना दीड महिना लागला. पोलादाच्या चकतीत उलटी नक्षी कोरायची. दोरीची कड, मधे नांगर, किंवा पानं. कच्च्या रबराची गोळी त्यात ठेवायची, प्रेस आवळायची आणि पाच-सहा तास शिजू द्यायचं. थोडं कमी शिजलं तर बटण वाकतं, जास्त शिजलं तर काढतानाच तडकतं. पहिली साठ-सत्तर बटणं त्यांनी स्वतःच तपासून फेकून दिली. तनुजा म्हणायची, "काका, हे चांगलं आहे हो." ते म्हणायचे, "तुला चांगलं हाय. मला नाय."

बटणांनंतर दागिने आले. तिकडच्या बायका घरात कुणी गेलं की वर्ष वर्ष काळे कपडे घालत आणि त्यावर काळेच दागिने, साखळ्या, कपड्याला टाचायची पदकं, कानातले. श्रीमंतांचे काळ्या दगडाचे असत, बाकीच्यांचे कडक रबराचे. तनुजानं हे सांगितलं तेव्हा रूपाबाई चहा गाळत होत्या. त्या थांबल्या.

"म्हंजे नवरा मेल्यावर दागिने घालायचे?"

"हो काकू, काळे."

"बरंय की मग. आपल्याकडं हायेत ते बी काढून घेतेत." आणि नवऱ्याकडं बघून, "ऐकलं का, माझ्यासाठी एक साखळी करून ठिवा."

"तू आधी मला मरू तर दे," सांडूभाऊ लेथवरून न वळता म्हणाले.

त्या साखळीची रीत मला फार आवडली. रबराच्या कड्या कातायच्या, प्रत्येक दुसऱ्या कडीला एक चीर द्यायची आणि ती उकळत्या पाण्यात सोडायची. हाडासारखी कडक कडी पाण्यात मऊ पडते. चिमट्यानं ती उघडायची, शेजारच्या दोन कड्या ओवायच्या, मिटायची आणि गार पाण्यात टाकायची. पुन्हा हाड. जोड कुठे आहे ते भिंगाशिवाय दिसत नाही. माझ्या डोक्यातली बँक हळूहळू मागं पडली ती त्या साखळ्या बघून. पूर्ण गेली नाही, पण मागं पडली.

आणि प्रत्येक नगाच्या पाठीवर तीन ठिपके. बटण असो, कडी असो, कानातलं असो. तयार नग किंचित तापवायचा, पंच ठेवायचा, हातोडीचा एक ठोका. मी एकदा विचारलं, याची काय गरज? कारखान्यात तपासनीस होतात तेव्हा ठीक होतं, आता कोण विचारतंय?

"ताई, बिनखुणेचा माल म्हंजे बेवारस," ते म्हणाले. "उद्या कुणी ह्याला जुनं म्हणून इकलं तर? म्या नक्कल करतो. लबाडी नाय करत."

आता औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानाकडे येते. ऋतुराज नावाचा तरुण जुन्या वस्तू विकतो. पितळी समया, हुक्क्याची भांडी, घड्याळं, निजामाच्या काळातली नाणी. गोड बोलतो, मला पहिल्या भेटीत वाकून नमस्कार केला होता, आणि मी घरी येऊन त्याचं कौतुक केलं होतं हे आठवलं की आजही माझा मलाच राग येतो. त्यानं तनुजाकडून दोनशे बटणं आणि बारा पदकं घेतली, पर्यटकांना भेट म्हणून विकायला. बिल तनुजानं केलं. त्यावर स्वच्छ लिहिलं, "जुन्या नमुन्यावरून केलेली नवी बटणे." दुकानात लावायला सांडूभाऊंचा फोटोही तिनंच काढून पाठवला. लेथपाशी उभे, हातात बटण, खाली पूर्ण नाव आणि मूळ गाव.

माल नेताना ऋतुराजनं दोन गोष्टी सुचवल्या होत्या. रंग जरा तपकिरी करता येईल का, कारण जुनं रबर उजेडानं तपकिरी पडतं. आणि मागचे ठिपके नकोत.

"ते व्हनार नाय, शेठ," सांडूभाऊ म्हणाले.

"अहो काका, मागच्या बाजूला कोण बघतं?"

"कुणी बघत नाय तर मग ऱ्हाऊ द्या की."

ऋतुराज हसला आणि ठिपक्यांसकट माल घेऊन गेला. आम्हाला वाटलं, विषय संपला.

विषय कसा संपेल! त्यानं तो माल दुकानाच्या गच्चीवर उन्हात पसरला. आपल्याकडचा चैत्र-वैशाख, त्यात काळं रबर. दीड महिन्यात बटणं तपकिरी पडली. मागचे ठिपके कुणाकडून तरी घासून सपाट केले. आणि पुण्याच्या इंद्रजीतराव नावाच्या संग्राहकांना गोष्ट सांगितली, की छावणीतल्या एका जुन्या शिंप्याच्या पेटीतून हा साठा निघाला आहे, पलटणीच्या साहेबांचे कोट शिवायचा तो. इंद्रजीतराव निवृत्त अधिकारी, चाळीस वर्षं बटणं जमवणारे. त्यांनी सगळा साठा घेतला आणि संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिरवला. सहाशे माणसं आहेत त्यात. त्यातल्याच एकानं विचारलं, दोनशे बटणांत एकही झिजलेलं नाही, एकाचाही टवका उडालेला नाही, हे कसं?

इंद्रजीतरावांनी ऋतुराजला धारेवर धरलं. ऋतुराजनं काय केलं? हात वर केले. म्हणाला, मीही फसलो, सर. रांजणगावचा सांडू हिवराळे म्हणून एक लेथवाला आहे, त्यानंच ही पेटी आजोबांची म्हणून मला आणून दिली. आणि सोबत फोटो पाठवला. माझ्या मुलीनं काढलेला.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतरावांनी तो फोटो सहाशे माणसांच्या ग्रुपवर टाकला. खाली मजकूर: "सावधान. बनावट पुरातन बटणे तयार करून शिंपी आजोबांच्या पेटीतली म्हणून विकणारा सांडू कडुबा हिवराळे, मूळ राहणार देवगाव रंगारी. याच्याशी व्यवहार करू नये."

तनुजानं मला फोन दाखवला. मी तो मजकूर दोनदा वाचला. आणि मला पहिलं काय वाटलं ते लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, बरं झालं, यात माझ्या मुलीचं नाव नाही.

"तू यात पडू नकोस," मी तिला म्हणाले. "आपलं नाव आलेलं नाही. शांत राहा."

"आई, बिल माझ्या नावाचं आहे."

"म्हणूनच म्हणते."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. पण प्रश्न माझ्यामागून आत आला. बिल तनुजाचं, व्यवहार तनुजाचा, फोनवर बोलणं तनुजाशी. मग ऋतुराजनं नाव सांडूभाऊंचं का दिलं? उत्तर मला माहीत होतं. तनुजाचं आडनाव, तिच्या वडिलांची ओळख, माझी चार माणसांत ऊठबस. तिच्यावर आळ घेतला तर उद्या कुणीतरी दुकानात येऊन जाब विचारेल. हिवराळ्यांसाठी कोण येणार? पत्र्याच्या शेडमधला माणूस, त्यात त्या आडनावाचा. त्याच्यावर ढकललं की सगळ्यांना लगेच पटतं, कुणी पुरावा मागत नाही. ऋतुराजनं हा हिशेब केला होता. आणि "शांत राहा" म्हणताना मीही तोच केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रांजणगावला गेलो. शेड बंद होती. कच्चं रबर देणाऱ्या गिरणीवाल्यानं निरोप पाठवला होता, जरा थांबू या. लंडनच्या बाईंपर्यंतही बातमी पोचली होती, त्यांनी चारशे बटणांचं काम "हे मिटेपर्यंत" थांबवलं होतं. सांडूभाऊ ओट्यावर बसले होते. वस्तीतल्या कुणीतरी त्यांना तो फोटो दाखवून विचारलं होतं, काय सांडूशेठ, आजोबा शिंपी कधी झाले?

"आजा शिंपी नव्हता," ते मला म्हणाले, जणू मीच आरोप केला होता. "आज्याला घालायला सदरा नव्हता, ताई. तो कोट कुठून शिवंल?"

रूपाबाईंनी पाणी दिलं आणि तनुजाच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं नाव नाय आलं, बरं झालं बाई. पोरीच्या जातीला लई वंगाळ असतं." त्यांनी ते मनापासून म्हटलं. त्यांच्या बोलण्यात काही खोच नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी मी ऋतुराजला फोन केला. येत्या रविवारी इंद्रजीतराव माल परत करायला येणार असल्याचं त्याच्याच तोंडून निघून गेलं. "आम्हीही येतो," मी म्हणाले. तो म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी फोन ठेवला.

रविवारी दुकानात इंद्रजीतराव खुर्चीवर होते, समोर काचेच्या पेटीवर मखमलीच्या खणांत बटणं मांडलेली. आमची ओळख झाली. मला "बसा मॅडम", तनुजाला "ये बेटा". सांडूभाऊ दारातच उभे राहिले आणि इंद्रजीतरावांनी वर न बघता विचारलं, "तूच का रे तो?"

चौपन्न वर्षांच्या माणसाला. मी बाकी सगळं विसरेन, ते "रे" विसरणार नाही.

"म्याच," सांडूभाऊ म्हणाले.

"आजोबांची पेटी म्हणून हे विकलंस?"

"नाय. नवा माल म्हणून दिला. बिल हाय."

तनुजानं बिल पुढं केलं. ऋतुराजनं ते बघितलंही नाही. "सर, ते वेगळ्या मालाचं बिल आहे. तो माल मी पर्यटकांना विकून टाकला. त्यावर मागं तीन ठिपके होते, यांची खूणच असते तशी. या बटणांवर कुठे आहेत? बघा ना."

इंद्रजीतरावांनी एक बटण पालथं करून भिंगातून पाहिलं. पाठ सपाट होती.

"नाहीत ठिपके," ते म्हणाले.

मी सांडूभाऊंकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. ते मात्र पुढं आले, एक बटण उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि तनुजाला म्हणाले, "पोरी, खालच्या टपरीवरून उकळतं पानी आन गिलासभर. च्या नको, पानी."

"हे काय नाटक आहे?" ऋतुराज म्हणाला.

"बघा तर शेठ. पैसे लागत नाय."

टपरीवाल्यानं वाफाळता स्टीलचा पेला दिला. सांडूभाऊंनी बटण त्यात सोडलं. गंधकाचा तो वास दुकानभर पसरला. थोड्या वेळानं त्यांनी चमच्यानं बटण बाहेर काढलं आणि इंद्रजीतरावांपुढं पालथं धरलं.

सपाट पाठीवर तीन टेंगळं उठली होती. बारीक, पण बोटाला लागतील एवढी. ठिपके होते त्याच जागी, तशाच त्रिकोणात.

इंद्रजीतरावांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "हे कसं काय?"

"फुडची नक्षी साच्यात शिजताना बसलेली असती, ती हालत नाय," सांडूभाऊ म्हणाले. "पन खूण म्या मागून ठोकतो. ठोकली की तिथलं रबर खाली दबतं. यांनी वरवरचं घासून सपाट केलं, दबलेलं तसंच राह्यलं. गरम पान्यात पडलं की ते आपल्या जाग्यावर यायला बघतं, वर येतं. आनखी टाकून बघा. कोणतंबी."

तनुजानं आणखी चार टाकली. चारही बटणांवर तीन तीन टेंगळं आली. ऋतुराज रुमालानं कपाळ टिपत होता. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवणार होते.

तेवढ्यात इंद्रजीतराव म्हणाले, "म्हणजे तूच केलीस ही!"

आणि ऋतुराजनं ते झेललं. "बघा सर, शेवटी कबूल झाला ना? मी तेच सांगत होतो."

मला क्षणभर काही कळेना. माणसानं स्वतःची खूण दाखवून सिद्ध केलं की हा माझाच माल आहे, मी सही केलेला, नवा म्हणून दिलेला आणि दुसऱ्यानं सही खरवडलेला. आणि हे म्हणतात, कबूल झाला!

"म्या कवा नाय म्हनलं?" सांडूभाऊ पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "बटन माझंच हाय! घासलं कुनी, ते इचारा की! चोर मालावर आपलं नाव टाकून आपनच ते खोडतो व्हय?"

मी इंद्रजीतरावांना म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर सरकारी कागद पाहिलेत. सही करणारा गुन्हेगार की सही खरवडणारा, एवढं सांगा."

त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. पण कळलं म्हणून माणूस बोलतोच असं नाही. त्यांनी बटणांचे खण एकावर एक रचले, ऋतुराजला बाजूला घेतलं, पाच मिनिटं कुजबुज झाली. पैसे परत घेतले, वर भरपाई म्हणून एक चांदीच्या मुठीची काठी घेतली. जाताना दोघांनी हात मिळवले. सांडूभाऊंशी कुणी हात मिळवला नाही.

मी दारात आडवी उभी राहिले. अशी मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. "ग्रुपवर यांचं नाव टाकलंत. ते आता काढा. झालं ते तिथंच लिहा."

"लिहितो मॅडम, लिहितो. आज रात्रीच."

चार दिवसांनी लिहिलं. तनुजाला त्या ग्रुपमधल्या कुणीतरी पाठवलं. "बटणांच्या प्रकरणातील गैरसमज आता दूर झाला असून संबंधित कारागिराबाबत कोणतीही तक्रार उरलेली नाही. या विषयावर येथे अधिक चर्चा करू नये."

संबंधित कारागीर! आळ घेताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि फोटो. आणि मागे घेताना संबंधित कारागीर. ऋतुराजच्या नावाचं तर अक्षरही नाही. मी इंद्रजीतरावांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पुन्हा नाव घेतलं की पुन्हा चर्चा होणार. मी त्यांच्याच हिताचा विचार केला." मी म्हणाले, "पहिल्यांदा टाकताना हा विचार का नाही केलात?" त्यांनी मला सांगितलं की एवढी चिडचिड या वयात बरी नव्हे, आणि मुलीकडे लक्ष द्या, अशा लोकांबरोबर धंदा करताना जपून राहायला हवं.

अशा लोकांबरोबर. मुलीची काळजी मला कुणी शिकवायला नको, ती मी चोवीस वर्षं करतेय, झोप उडेपर्यंत करतेय. माझ्या मुलीशी दगा पत्र्याच्या शेडमध्ये झाला नाही. तो औरंगपुऱ्यातल्या काचेच्या दुकानात झाला, जिथं मला वाकून नमस्कार झाला होता.

तनुजानं त्या गरम पाण्याच्या पेल्याचा व्हिडिओ करून लंडनच्या बाईंना पाठवला. त्यांनी चारशेपैकी दीडशेचं काम परत दिलं, बाकीचं बघू म्हणाल्या. गिरणीवाला अजून आढेवेढे घेतो. शेड उघडली आहे, लेथ फिरतो आहे. पण सहाशे फोनांत तो फोटो अजून तसाच पडून आहे, आणि तो कुणी काढणार नाही.

म्हणून मी हे लिहिलं. त्या ग्रुपच्या बाहेर तरी कुणी वाचावं. छापायला देण्याआधी रांजणगावला जाऊन त्यांना वाचून दाखवलं, कारण त्यांना न विचारता त्यांचं नाव आणखी एकदा छापायचा अधिकार मलाही नाही. ते कड्या कातत ऐकत होते. माझ्या त्या एका दिवसाचा भाग आला तेव्हा मी अडखळले. ते म्हणाले, "वाचा वाचा. पोरगी हाय तुमची. म्या असतो तर म्याबी तेच म्हनलो असतो." मी असं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, एवढंच मी म्हणू शकले.

वाचून संपलं. त्यांनी लेथ थांबवला.

"ताई, नाव सगळं घातलंय ना?"

"घातलंय. सांडू कडुबा हिवराळे."

"पत्ता?"

"पत्ता कशाला, भाऊ?"

"नुसतं नाव काय कामाचं? ज्याला बटन बघायचंय त्यानं यावं की इथं. रांजणगाव, पान्याच्या टाकीमागं, निळ्या पत्र्याची शेड. कुनालाबी इचारा." ते पुन्हा लेथकडे वळले. "आन् शुक्रवारी लाईट नसती, ते बी लिवा. उगं कुनाचा हेलपाटा व्हायला नको."